श्वास सोडा, नेहमीसारखे उभे राहा

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. माझ्या उजव्या गुडघ्याचं तुला माहीत आहे. शिडीवरून उतरताना हल्ली तो माझ्याआधी बोलतो.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे जावई बरे आहेत, म्हणजे टीव्हीसमोर झोपतात आणि टीव्ही बंद केला की डोळे न उघडता 'मी बघत होतो' म्हणतात. लेक बरी आहे, म्हणजे चार्जर सापडत नसला की माझ्याशी बोलते. तुझी तब्येत विचारायची नाही असं तू दादाकरवी बजावलं आहेस, तेव्हा विचारत नाही. मशीनची तब्येत विचारते. त्याचा पट्टा बदललास का? पायाखालची पट्टी अजून करकरते का? आणि सकाळचं ऊन कटिंगच्या टेबलापर्यंत येतं का अजून, की समोरच्या माणसाने मजला चढवल्यापासून तेही बंद झालं?

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केला की तुझा लेक उचलतो आणि तू त्याच्यासमोर उभी राहून खुणा करतेस. त्या खुणा मला दिसत नाहीत, पण दादा त्यांचं जे भाषांतर करतो ते इतकं मऊ असतं की मूळ मजकूर हा नसणार हे मी शपथेवर सांगू शकते. परवा तो म्हणाला, आई म्हणतेय, काळजी करू नकोस बाळा. मावशी, तू मला जन्मात कधी बाळ म्हणाली नाहीस. मी तुझ्या दुकानात टेबलाखाली खेळायचे तेव्हापासून टाचणीच म्हणत आलीस, कारण मी तशीच किरकोळ होते आणि नेमकी कुणाच्या तरी पायाखाली यायचे. तू खुणेने काय म्हणाली असशील ते मला इथे बसून कळतं. या पोरीला कामधंदा नाही का, असं म्हणाली असशील.

डॉक्टरांनी थोडं आणि हळू बोलायला परवानगी दिली आहे, फक्त ओरडायचं नाही, हे मला वहिनीने सांगितलं. त्यावर तू पाठकोऱ्या बिलावर लिहून दाखवलंस म्हणे, की ओरडायचं नसेल तर बोलायचं कशाला. तेव्हापासून तुझं बोलणंच बंद आहे. त्याआधी, गळ्यातली गाठ काढल्यावर आवाज परत येईल, पण तो हाच असेल याची हमी देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू त्यांना ऐकवलंस, 'मीही कधी कुणाला कोटाची हमी दिली नाही. ट्रायल झाल्यावर बोलू.' (ते घरी गेल्यावरही हसत होते, असं वहिनी म्हणते. ती डॉक्टरांच्या घरी कधी गेली हे मी विचारलं नाही.) असो. ऑपरेशनचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे. मला लिहायचं आहे ते एका सभागृहाच्या उद्घाटनाबद्दल. त्यात तुझा संबंध आला. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

त्याआधी माझं काम काय ते एकदा नीट सांगते, कारण तू गिऱ्हाइकांना अजून 'आमची माईकवाली' एवढंच सांगतेस. (तुझी तक्रार नाही. सासरची मंडळी ऑडिओ-व्हिज्युअल इंजिनीअर असं पूर्ण म्हणतात आणि मग रिमोट दुरुस्त करायला देतात.) जिथे माणसं जमतात तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसाला पहिल्या रांगेतल्याइतकंच ऐकू यावं आणि दिसावं, एवढंच माझं काम. माईक, स्पीकर, पडदा, प्रोजेक्टर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या, कुणालाही दिसू न देण्याच्या वायरी. तुझ्या अस्तरासारखंच आहे हे. नीट बसलं तर ते आहे हे कुणाला कळत नाही, आणि बिघडलं की सगळी सभा मागे वळून माझ्याकडे बघते. एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे फक्त वाईट प्रसंगी बघितलेलं आहे. त्यामुळे माझ्याबद्दल कुणाचं मत चांगलं नाही असा माझा एक पक्का समज होऊन बसला आहे. तुझे जावई म्हणतात, हा समज धंद्यामुळे नाही, स्वभावामुळे आहे. पण ते झोपेत बोलतात.

आता तुझा संबंध. आमच्या धंद्यात प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं. नव्या जागी स्पीकर लावले की आधी ते वाजवायचं. ते गाणं हजारदा ऐकलेलं असतं, त्यामुळे जागेची खोड कुठे आहे ते लगेच कळतं. कुणी तबला ऐकतं, कुणी बासरी. माझ्याकडे तू आहेस. मी शिकत होते तेव्हा संस्थेतून एक चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र घरी आणलं होतं आणि तुझ्या कटिंगच्या टेबलाखाली बसून एक दुपार टिपली होती, ते तुला आठवत असेल. तू सारखी विचारत होतीस, आता काय बोलू? मी म्हटलं, 'मला विसर आणि तुझं काम कर.' आणि तू खरंच विसरलीस. (माझं सांगणं इतकं तंतोतंत तू तेवढं एकदाच ऐकलंस.) त्या रेकॉर्डिंगमध्ये आम्हाला लागतं ते सगळं आहे. मशीनची घरघर आहे, ती खालचे सूर तपासायला. कात्री टेबलावर ठेवल्याचा टणत्कार आहे, तो वरचे सूर तपासायला. आणि मध्ये तू आहेस. तू टाचण्या ओठांत धरून बोलतेस त्यामुळे तुझा 'स' एका विशिष्ट जागी चिरतो. तो 'स' नीट आला म्हणजे त्या सभागृहात कुणाचंही भाषण नीट येणार. वक्ते बदलतात, तुझा 'स' बदलत नाही. कोर्टाचं दालन, दोन महाविद्यालयं, एक मोठं रुग्णालय, आणि जिथे मंत्री येतात असा एक हॉल, एवढ्या ठिकाणी पहिलं भाषण तुझं झालेलं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू लगेच विचारलं असतंस, मग त्यांच्या खुर्च्यांची कव्हरं कोण शिवतंय?

हे नवं सभागृह एका जुन्या संस्थेचं. संस्थापक वारले, त्यांच्या स्मरणार्थ बांधलं. बांधणाऱ्याने एक भिंत संगमरवराची केली आणि समोरची काचेची, आणि मग आम्हाला बोलावून सांगितलं की इथे आवाज मखमलीसारखा यायला हवा. मी पहिल्या दिवशी मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. ती टाळी काचेवर गेली, संगमरवरावर आली, छताला भेटली आणि मी दुसरी वाजवायला हात उचलला तेव्हा परत आली. मी आमच्या साहेबांना म्हटलं, इथे जाड पडदे लागतील. साहेब म्हणाले, भिंत दिसायला हवी, तिच्यावर खर्च झालाय. मी म्हटलं, मग श्रोत्यांना मूकपट दाखवू. साहेबांना माझा विनोद कळतो, आवडत नाही. शेवटी काचेच्या बाजूला पडदे मिळाले. ते इतके तोकडे शिवलेले होते की खालून सगळ्या सभेला बाहेरून जाणाऱ्यांच्या चपला दिसत. तू असतीस तर त्या शिवणाऱ्याला तिथेच उसवायला बसवलं असतंस. मी फक्त खाली फळी मारून घेतली.

मग तुला वाजवलं. आधी तू गुहेतून बोलल्यासारखी येत होतीस. मग पत्र्याच्या डब्यातून. मग खूप दूर, जणू तू रस्त्यापलीकडच्या दुकानात आहेस आणि गिऱ्हाईक इकडे. मी एकेका खुर्चीवर बसत, उठत, स्पीकर बोटभर वळवत, पुन्हा बसत होते. सभागृहाचे व्यवस्थापक चहा घेऊन दारात उभे होते. (हे गृहस्थ स्वभावाने फार चांगले, फक्त प्रत्येक गोष्टीची त्यांना आधीपासून भीती वाटत असते.) त्यांनी मला विचारलं की या बाई सारख्या कुणाला रागावताहेत. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी हळूच स्वतःचा शर्ट पँटीत नीट खोचला. एका संध्याकाळी मी शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसले होते आणि तू माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिलीस. अगदी तिथे. मी पाय आत ओढून घेतले, तू टेबलाच्या कडेने फिरायचीस तेव्हा ओढायचे तसे. म्हटलं, झालं. हे सभागृह आता तयार आहे.

चूक झाली ती यानंतर. आणि ती साधी, रिकामटेकडी चूक नव्हती. ती करायला शिक्षण लागतं. व्यवस्थापकांना भीती होती की कार्यक्रमाच्या मध्ये कुणी बोलत नसलं की सभागृह ओकंबोकं वाटेल. म्हणून मी एक व्यवस्था करून दिली. माईकमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही, की मंद संगीत आपोआप सुरू व्हायचं. कुणी बोललं की ते अदबीने थांबायचं. बोलणं संपलं की जिथे थांबलं तिथूनच पुढे. मला या व्यवस्थेचा अभिमान होता. ती तपासताना संगीताच्या जागी मी तात्पुरती तुला ठेवली, कारण तूच हाताशी होतीस. संगीत नंतर ठेवायचं होतं. हे 'नंतर' आमच्या धंद्यात फार माणसं खातं.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरलं. फीत कापली, टाळ्या झाल्या, टाळ्या एकदाच ऐकू आल्या, मला बरं वाटलं. मंचावर संस्थापकांचा पूर्णाकृती फोटो होता. कोट घातलेला, छाती पुढे, चेहरा थोडा लालसर. त्यांच्या शेजारी हल्लीचे अध्यक्ष उभे. त्यांनीही नवा कोट घातला होता आणि तो त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा होता, हे मला शेवटच्या रांगेतून दिसत होतं. (तुझ्या दुकानात बालपण घालवल्याचा हा तोटा. मला माणसं आधी शिवणीतून दिसतात.) मधलं बटण तग धरून होतं. पहिल्या रांगेत संस्थापकांच्या पत्नी, काठी मांडीवर आडवी ठेवून. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि दिवंगत संस्थापकांसाठी शांतता पाळायची विनंती केली.

मावशी, मी तुला शपथेवर सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. मीही मान खाली घालून उभी होते. सगळं सभागृह शांत झालं. इतकं शांत, की माझ्या व्यवस्थेला वाटलं आता कुणी बोलत नाही, आणि तिने आपलं कर्तव्य केलं.

आधी घरघर सुरू झाली. लोकांना वाटलं, एसी. मला कळलं. मग कात्री टेबलावर पडली आणि पुढच्या दोन रांगा दचकल्या. आणि मग तू बोललीस, संगमरवरी भिंत असूनही मखमलीसारखी.

'सरळ उभे राहा.'

खाली गेलेल्या सगळ्या माना वर आल्या.

'असे नाही. नेहमी राहता तसे.'

मी कंट्रोल रूमकडे निघाले. ती वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, गुडघा असा, आणि शोक चालू असताना धावता येत नाही. मी चवड्यांवर चालत होते. हे एवढं खरं. पण त्याआधी मी एक क्षण हललेच नाही हेही खरं आहे. मी दोनशे माणसांच्या मागे उभी होते आणि तू माझ्या उजव्या हाताला होतीस. माणसं भरली की सभागृहाचा आवाज बदलतो, कपडे आणि अंगं आवाज पितात, म्हणून मला धास्ती होती. पण तू तशीच येत होतीस. टाचण्यांसकट.

'पोट आत घेऊ नका,' तू म्हणालीस. 'श्वास सोडा.'

अध्यक्षांनी सोडला. ते ऐकण्याच्या सवयीचे गृहस्थ नाहीत, असं नंतर सगळे म्हणाले, पण त्या आवाजात काहीतरी आहे. त्यांच्यासमोरचा माईक चालू होता, त्यामुळे तो श्वास सभागृहभर गेला, आणि माईकमध्ये आवाज आला म्हणून माझी व्यवस्था अदबीने थांबली. त्यांचा श्वास संपला. व्यवस्थेने वाट पाहिली. आणि जिथे थांबली होती तिथून सुरू झाली.

'अजून आहे आत.'

त्यांनी उरलेला सोडला. मधलं बटण तुटून मंचावरून घरंगळत गेलं. ते कुठवर गेलं हेही सगळ्यांना ऐकू आलं, इतकं ते सभागृह चांगलं झालेलं आहे. मी जिन्याच्या मध्यावर होते. वर पोचेपर्यंत तू शेवटचं वाक्यही म्हणून टाकलंस. ते तुला आठवतं का? 'कोट तुम्हाला घालायचाय. फोटोला नाही.'

यानंतर जी शांतता झाली ती खरी शांतता होती. व्यवस्थापकांनी नंतर सांगितलं, मंचावर एकीकडे फोटो, एकीकडे अध्यक्ष, आणि सगळे आळीपाळीने दोघांकडे बघत होते. पहिली हसली ती संस्थापकांची पत्नी. हसताना काठी खाली पडली, तशीच राहू दिली. म्हणाली, 'त्या फोटोसाठी यांनी सकाळपासून श्वास धरला होता. मी सांगत होते.' ती हसली म्हटल्यावर बाकीच्यांना परवानगी मिळाली. तोवर मी वर पोचून तुला बंद केलं. बोट बटणावर ठेवलं तेव्हा तू पुढच्या गिऱ्हाइकाला बाही दाखवत होतीस.

अध्यक्षांनी भाषण कोटाची बटणं सोडून केलं. व्यवस्थापक सांगत होते, त्यांचं इतकं मोकळं भाषण आजवर झालं नव्हतं. (व्यवस्थापकांना मात्र त्या रात्री ताप आला. पण तो त्यांना कार्यक्रम नीट झाला तरी येतो.) चहाच्या वेळी अध्यक्ष माझ्याकडे आले. मला वाटलं, आता सभा मागे वळणार. त्यांनी हळू आवाजात विचारलं, त्या बाई कोट मोठा करून देतात का? मी सांगितलं की अस्तरात कापड सोडलेलं असेल तर देतात आणि नसेल तर ज्याने शिवला त्याला शिव्या देतात. ते म्हणाले, नसेलच.

आमचे साहेब मात्र हसले नाहीत. ते कंट्रोल रूममध्ये आले, दार लावलं, आणि विचारलं की ही बाई कोण. मी म्हटलं, माझी मावशी. साहेब म्हणाले, तिला इथून काढा, आत्ता, माझ्यासमोर. मी काढलं. यंत्राने विचारलं, नक्की का. साहेब म्हणाले, नक्की. (काही घाबरू नकोस. तू माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहेस, पेनड्राइव्हवर आहेस, आणि मूळ कॅसेट कपाटात मोज्यांच्या खणात आहे. आमच्याकडे जे एकाच ठिकाणी असतं ते नसल्यातच धरतात.) तरी मावशी, 'नक्की का' ला होय म्हणताना मी मान दुसरीकडे वळवली. साहेबांना वाटलं मला लाज वाटतेय. वाटू दिलं.

आता मंद संगीत वाजतं तिथे. पाण्याच्या आवाजाचं आहे. सगळे मध्यंतरात उठून बाहेर जातात, आणि कुठे जातात ते सांगायला नको.

तर असं झालं. यात तुझी बदनामी झाली असं मला वाटत नाही. उलट एवढ्या लोकांनी एका वेळी तुझं ऐकलं हे दुकानातही कधी झालं नसेल. जावई आणि लेक तुला नमस्कार सांगतात. (लेकीने चार्जरबद्दल विचारण्याच्या ओघात सांगितला, पण सांगितला.) दादाला आणि वहिनीला आशीर्वाद सांगायला मी लहान आहे, तेव्हा आठवण सांग. खुणेने सांग.

तुझी,
टाचणी

ता. क. एक निरोप राहिला. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी विनंती केली आहे की कार्यक्रमाआधी वाजवायची एक सूचना तुझ्या आवाजात मिळावी. फोन बंद ठेवा, जागेवर बसून घ्या, एवढीच. तू कामात असशील हे मी त्यांना सांगितलं आहे. पण शनिवारी मी तिकडे येतेच आहे, तर सोबत एक चांगला माईक आणते. घाई काहीच नाही, फक्त ऑपरेशनच्या आधी व्हावं. डॉक्टरांची हरकत नाही, वहिनीने विचारून घेतलं आहे. ओरडावं लागणार नाही. ओठांजवळ माईक धरला की कुजबुजलेलंसुद्धा शेवटच्या रांगेत जातं, त्याचेच मला पैसे मिळतात.

ता. क. दुसरी. वरची ता. क. खोटी आहे. व्यवस्थापकांनी असं काही मागितलेलं नाही. त्यांनी फक्त, त्या बाई पुन्हा लागणार नाहीत ना, एवढं विचारलं. वहिनीने डॉक्टरांना विचारलं ते मात्र खरं. दोन-चार वाक्यं हळू बोललीस तर चालेल, असं ते म्हणाले.

खरं असं आहे. त्या रात्री जावई टीव्हीसमोर बघत होते तेव्हा मी कानाला हेडफोन लावून ती कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. इतकी वर्षं मी त्यात घरघर ऐकली, कात्री ऐकली, तुझा 'स' ऐकला. तू काय बोलतेस ते कधी ऐकलंच नव्हतं. तू गिऱ्हाइकांशी बोलतेस, दोऱ्याच्या रिळाशी बोलतेस, मशीनला दोनदा मूर्ख म्हणतेस. एका ठिकाणी ते पोट आत घेणारे गृहस्थ विचारतात, टेबलाखाली कोण आहे? आणि तू म्हणतेस, 'कुणी नाही. हात वर करा.' मला विसर म्हटलं होतं, म्हणून तू विसरलीस, इतकी चोख. पण त्यामुळे त्या सबंध दुपारीत माझ्यासाठी एक शब्द नाही. जगातली इतकी सभागृहं तुला ओळखतात आणि त्या कॅसेटमध्ये मला मात्र तुझ्या आवाजात एकदाही हाक मारलेली नाही. हे मला आत्ता कळलं, आणि आत्ता ऑपरेशन आहे.

नवा आवाज येईल तो येईल. ट्रायल झाल्यावर बोलू, असं तूच म्हणाली आहेस, आणि त्याच्याशीही माझं जमेल. पण जुन्यात मला एकदा हाक मारून ठेव. 'टाचणे, बटणांच्या डब्याला हात लावू नकोस,' एवढं पुरे. 'टाचणे, पाय आत घे,' तेही चालेल. प्रेमाचं काही म्हणायची गरज नाही. तू तसं म्हणालीस तर मला वाटेल दादाने भाषांतर केलंय.

ता. क. तिसरी. शनिवारी दुपारी येईन. दुकान बंद ठेवू नकोस, गिऱ्हाईक असलं तर असू दे, मशीनही चालू राहू दे. मी टेबलाखाली मावणार नाही, स्टुलावर बसेन. मागच्या वेळी तुला म्हटलं होतं की मला विसर आणि तुझं काम कर. या वेळी तेवढं ऐकू नकोस.